आवडता विश्वासघातकी

दुष्ट मनुष्याचे चित्र रेखाटणे ललितलेखकास फारसे अवघड जात नाही. त्याची नजर क्रूर करावी, त्याच्या तोंडी चार उर्मट वाक्ये घालावी, एखाद्या अनाथावर त्याच्याकडून जुलूम करवावा, की वाचक त्याचा मनःपूर्वक द्वेष करू लागतो. व शेवटी त्याचे पारिपत्य झाले म्हणजे समाधानाने पुस्तक मिटतो. खरे अवघड काम निराळे आहे. जो गोड बोलून केसाने गळा कापतो, जो एका पक्षाशी बेइमान होऊन दुसऱ्यास मिळतो व दुसऱ्याशी बेइमान होऊन पुन्हा पहिल्याकडे येतो, आणि हे सारे पाहूनही अखेरीस तो निसटून गेला असता आपणांस मनातल्या मनात हायसे वाटते, असा मनुष्य उभा करणे फार थोड्यांस साधले आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतील लाँग जॉन सिल्व्हर हा अशा मोजक्या मनुष्यांपैकी एक होय. वॉल्ट डिस्ने याच्या संस्थेने १९५० साली याच नावाचा जो चित्रपट काढला, त्यात हा सिल्व्हर ज्या रीतीने पडद्यावर उतरला आहे तिचा विचार आम्ही येथे करणार आहो.

हा विचार करण्यास एक कारण आहे. मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावी व त्यांस कोणते चित्रपट दाखवावे, याविषयी आमच्या शिक्षकवर्गात नेहमी चर्चा चालते. आणि त्या चर्चेत एक आक्षेप हटकून निघतो. तो असा की, ज्या कथेत चोर सुटतो आणि तो सुटल्याचा आनंद प्रेक्षकास होतो, ती कथा कितीही मनोरंजक असली तरी कोवळ्या मनास घातक होय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘कलेकरिता कला’ एवढा एक मंत्र म्हटला की नीतीचे सर्व प्रश्न आपोआप सुटतात, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. उलट, प्रस्तुत चित्रपटाचा शेवट नीतीच्या प्रश्नास बगल देत नाही, मूळ कादंबरीने जो प्रश्न हलक्या हाताने बाजूस सारला तोच तो प्रेक्षकासमोर मांडतो, आणि म्हणूनच तो मुलांनी व मोठ्यांनी पाहण्याजोगा आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्यासाठी प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

कादंबरीचा जन्म एका नकाशातून झाला. १८८१ सालच्या उन्हाळ्यात स्टीव्हन्सन स्कॉटलंडातील ब्रेमार या गावी राहत असता, आपल्या सावत्र मुलाच्या करमणुकीकरिता काढलेल्या एका बेटाच्या नकाशाकडे पाहता पाहता त्यास ही गोष्ट सुचली. त्याच वर्षी ती मुलांच्या एका साप्ताहिकातून ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनावाखाली क्रमशः येऊ लागली, व १८८३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चित्रपटाच्या जन्माची कथाही मोठी मौजेची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अमेरिकन चित्रसंस्थांची इंग्लंडातील मिळकत देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. तेव्हा अडकून पडलेला तो पैसा तेथेच खर्च करावा, या हिशेबाने डिस्नेने हा चित्रपट इंग्लंडात काढला. पुरलेल्या खजिन्याची गोष्ट, जो खजिना उचलून नेता येत नव्हता त्याच्याच जोरावर पडद्यावर आली, असे म्हणावयास हरकत नाही! रेखाचित्रांचा अजिबात आधार न घेता केवळ जिवंत नटांवर उभारलेला डिस्नेचा हा पहिलाच संपूर्ण चित्रपट होय. बायरन हॅस्किन हा दिग्दर्शक. सिल्व्हरची भूमिका रॉबर्ट न्यूटन याची आणि जिम हॉकिन्सची बॉबी ड्रिस्कॉल या बालनटाची.

कथानक बहुतेकांस ठाऊक असेल; तथापि पुढील विवेचनाच्या सोयीकरिता थोडक्यात देतो. समुद्रकाठच्या एका खाणावळीत बिली बोन्स नावाचा म्हातारा खलाशी येऊन राहतो. फ्लिंट या नामांकित चाच्याने पुरून ठेवलेल्या द्रव्याचा नकाशा त्याच्यापाशी असतो. तो नकाशा जिमच्या हाती पडतो. जिम तो स्क्वायर ट्रेलॉनी व डॉक्टर लिव्हसी या दोन गृहस्थांस दाखवितो. आणि ब्रिस्टल बंदरातून ‘हिस्पॅनिओला’ नावाचे गलबत खजिन्याच्या शोधार्थ निघते. गलबतावर आचारी म्हणून जो एका पायाचा मनुष्य घेतला जातो तोच सिल्व्हर. तो फ्लिंटचाच जुना साथीदार, आणि त्याच्या शिफारशीने नेमलेले खलाशी म्हणजे बहुतांशी फ्लिंटचीच टोळी. सफरचंदांच्या पिंपात बसलेला जिम त्यांचा कट चोरून ऐकतो. पुढे बेटावर लढाई, पकडापकडी, नकाशाची अदलाबदल. खजिन्याचा खड्डा उकरून पाहतात तो रिकामा, कारण बेटावर एकटाच टाकून दिलेल्या बेन गनने ते द्रव्य आधीच हलविलेले असते.

चाच्यांचे चित्रपट याच्या आधीही पुष्कळ निघाले होते. त्यांतील दोन प्रसिद्ध चित्रपटांकडे पाहिले म्हणजे सिल्व्हरचे निराळेपण ध्यानात येते. १९२६ सालच्या ‘द ब्लॅक पायरेट’ या मूकपटात डग्लस फेअरबँक्स चाच्यांच्या टोळीत शिरतो, पण तो वास्तविक एक सरदार असून बापाच्या वधाचा सूड घेण्याकरिता त्याने ते सोंग घेतलेले असते. १९३५ सालच्या ‘कॅप्टन ब्लड’मधील एरॉल फ्लिनचा नायक हा सज्जन वैद्य आहे, एका जखमी बंडखोरास औषधपाणी केल्याबद्दल त्यास गुलाम म्हणून विकण्यात येते, व त्या अन्यायापोटी तो चाचा होतो. म्हणजे दोहोंकडे चाचेगिरी हा वरचा पोशाख; आत खानदानी सद्गुण शाबूत. प्रेक्षकास तलवारींच्या खणखणाटाचा आनंदही मिळतो आणि सदसद्विवेकबुद्धीस टोचणीही लागत नाही. सिल्व्हरच्या बाबतीत अशी पळवाट ठेवलेली नाही. त्याच्यावर कोणी अन्याय केलेला नाही, त्यास कोणाचा सूड घ्यावयाचा नाही, आणि तो उच्च कुळातला तर मुळीच नाही. तो चाचा आहे कारण त्या धंद्यात पैसा मिळतो. आपल्या मृच्छकटिकातील शर्विलक भिंतीस भोक पाडून ठेव चोरतो, पण त्यास निदान मदनिकेच्या सुटकेचे निमित्त आहे. सिल्व्हरला तेही नाही. एतावता त्याच्याविषयी जे प्रेम उत्पन्न होते ते कोणत्याही सबबीच्या आधाराने उत्पन्न होत नाही. ही गोष्ट आधी नीट मान्य केली पाहिजे.

मग ते उत्पन्न होते कशाने? याचे उत्तर सिल्व्हर कसा घडला यात काही अंशी सापडते. स्टीव्हन्सनचा मित्र कवी हेन्ली याचा एक पाय रोगामुळे कापावा लागला होता. तरी तो मोठा धिप्पाड, हसतमुख व दरारा बसविणारा गृहस्थ होता. त्याच्यावरून आपणांस सिल्व्हर सुचला हे स्टीव्हन्सनने स्वतः कबूल केले आहे. मित्राचे उदात्त गुण काढून घेतले, आणि सामर्थ्य, धैर्य, चलाखी व दिलदार वागणूक तेवढी ठेवली, असा त्याच्या सांगण्याचा भावार्थ आहे. जे पात्र एका आवडत्या मित्रास वजा करीत करीत घडविले, त्याच्या अंगी त्या मैत्रीचा ओलावा राहून गेला तर नवल नाही. सिल्व्हरचे गोड बोलणे खोटे आहे. पण त्या बोलण्यातली ऊब सर्वस्वी खोटी नाही. विश्वासघात या गोष्टीचे मर्म येथेच आहे. ज्याच्यावर आपला विश्वास बसूच शकत नाही तो मनुष्य आपला विश्वासघात करू शकत नाही. तो फार तर आपले नुकसान करील. घात व्हावयास आधी विश्वास खरा असावा लागतो.

कादंबरीतील पिंपाच्या प्रसंगात हे मर्म फार सूक्ष्मपणे दाखविले आहे. पिंपात बसलेल्या जिमला प्रथम कशाचा संताप येतो? गलबत लुटले जाणार, माणसे मारली जाणार, याचा नव्हे. सिल्व्हर एका तरुण खलाशास फूस लावताना जी स्तुतीची वाक्ये बोलत असतो, तीच अगदी त्याच शब्दांत त्याने पूर्वी जिमला ऐकविलेली असतात. आणि ती कानी पडताच त्या मुलाच्या अंगाची आग होते. आपण एकटेच त्याचे लाडके आहो असे जे त्यास वाटत होते ते खोटे ठरले, ही त्याची पहिली जखम.  ज्या लेखकास बालमनाचा हा कोपरा ठाऊक आहे, त्याची गोष्ट केवळ साहसकथा म्हणून बाजूस टाकता येत नाही.

येथे सिल्व्हरच्या बढायांतील एका उल्लेखाकडे आम्ही मराठी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपला पोपट किती जगला व काय काय पाहून आला हे सांगताना, गोव्याहून निघालेले विजरईचे जहाज लुटले तेव्हाही हा पोपट तेथे होता, असे तो म्हणतो. आणि इंग्लंड नावाच्या चाच्याचे व मलबार किनाऱ्याचे नावही त्याच्या तोंडी येते. ही नावे स्टीव्हन्सनने कल्पनेने काढलेली नाहीत. गोव्याच्या विजरईपदावरून निवृत्त होऊन परत जाणारा एरिसेराचा काउंट ज्या पोर्तुगीज जहाजातून जात होता, ते १७२१ साली हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटापाशी चाच्यांनी खरोखरच लुटले. मात्र ते काम इंग्लंडचे नव्हे, त्याच्या जुन्या साथीदारांचे. इंग्लंड त्यावेळी त्यांच्यात नव्हता, आणि तो का नव्हता हे पाहिले म्हणजे आमच्या विषयावर विलक्षण प्रकाश पडतो.

१७२० साली मादागास्करजवळच्या जोहाना बेटापाशी एडवर्ड इंग्लंडच्या टोळीने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘कसांड्रा’ नावाचे जहाज मोठ्या लढाईनंतर घेतले. त्याचा कप्तान मॅक्रे काही दिवस बेटावर लपला आणि मग जिवावर उदार होऊन स्वतःच चाच्यांच्या गोटात आला. त्यास मारावे की सोडावे याचा वाद चालू असता, लाकडी पायाचा, मोठमोठ्या गलमिशांचा आणि अंगभर पिस्तुले खोचलेला एक चाचा शिव्या देत पुढे झाला. मॅक्रेबरोबर आपण पूर्वी जहाजावर होतो, तो भला माणूस आहे, त्याच्या केसास कोणी धक्का लावील तर गाठ माझ्याशी आहे, अशा आशयाचे तो बोलला. १७२४ साली लंडनात छापलेल्या चाच्यांच्या एका इतिहासात ही हकीकत आहे. मॅक्रे सुटला, एका मोडक्या जहाजातून मुंबईस पोहोचला, व पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. इंग्लंडने मात्र मॅक्रेची बाजू घेतली म्हणून त्याच्या टोळीने त्यास नायकपदावरून काढले व मॉरिशस बेटावर सोडून दिले. चाच्यांच्या शास्त्रात दया हाच विश्वासघात होता! ‘चाचा’ हा शब्द इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांसारख्या मराठ्यांच्या सरखेलासही लाविला, म्हणून तो ऐकताच आपण थोडे सावध होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु येथे ज्यांच्याविषयी आम्ही बोलत आहो ते कोणत्याही राज्याचे चाकर नव्हते, निव्वळ लुटारू होते. अशा लुटारूंतही दयेस जागा होती आणि दयेस शिक्षाही होती, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

ही कसोटी हाती घेऊन आता शेवटाकडे वळू. कादंबरीचा शेवट असा आहे: खजिना गलबतावर चढतो, सिल्व्हर कैदी म्हणून बरोबर असतो, आणि अमेरिकेतील एका स्पॅनिश बंदरात गलबत थांबले असता तो बेन गनच्या संमतीने नाण्यांची एक पिशवी घेऊन रात्री निघून जातो. जिम व डॉक्टर त्या वेळी गलबतावर नसतात. परत आल्यावर त्यांस ही वार्ता कळते. त्याची पीडा इतक्या स्वस्तात टळली याचे सर्वांस समाधान वाटते, आणि प्रकरण मिटते. स्टीव्हन्सनची ही युक्ती चतुर आहे. पण ती युक्तीच आहे. सिल्व्हर सुटावा असे वाचकास वाटत होते, तो सुटला. आणि त्यास सोडण्याचे पाप नायकाच्या माथी आले नाही. जबाबदारी बेन गनसारख्या अर्धवट मनुष्यावर टाकून लेखक मोकळा झाला.

१९३४ साली हॉलिवुडात व्हिक्टर फ्लेमिंग याने हीच कथा पडद्यावर आणली. त्यात वॉलेस बीरी हा सिल्व्हर व जॅकी कूपर हा जिम असून, जिम स्वतः सिल्व्हरला मोकळा करतो. प्रश्नास भिडण्याचे धैर्य त्यात होते. परंतु ते अश्रूंत वाहून गेले. मुलाच्या गहिवराने प्रेक्षकाचाही गहिवर जागा होतो, आणि गहिवरलेला मनुष्य न्यायान्यायाचा विचार करीत नसतो.

१९५० सालच्या चित्रपटाने निराळा मार्ग धरला. सिल्व्हरला इंग्लंडात नेऊन न्यायासनापुढे उभे करावयाचे ठरते. तो संधी साधून खजिन्याचा काही भाग असलेली होडी ताब्यात घेतो व जिमला ओलीस धरून सुकाणूवर बसवितो. जिम होडी मुद्दाम उथळ पाण्यात घालून ती रुतवितो. सिल्व्हर त्याच्यावर पिस्तूल रोखतो व होडी ढकलण्याचा हुकूम करतो. मुलगा नकार देतो. आणि सिल्व्हरच्याने चाप ओढवत नाही. तो शिव्या देत, कुबडीच्या आधाराने, एका पायावर ती जड होडी एकटाच ढकलू लागतो. ती हलत नाही. मागून माणसे येत असतात. जिम क्षणभर पाहत राहतो, मग पुढे होऊन होडीस खांदा देतो. होडी सुटते. सिल्व्हर वल्ही मारीत दूर जातो, आणि दोघेही एकमेकांस हात हलवून निरोप देतात.

या प्रसंगाची बांधणी पाहण्यासारखी आहे. यात दोन विश्वासघात आहेत, आणि दोन्ही दयेने केलेले आहेत. पिस्तूल हातात असून न झाडणे हा सिल्व्हरने आपल्या धंद्याशी केलेला विश्वासघात. मॅक्रेच्या प्रसंगी इंग्लंडच्या टोळीने जो गुन्हा मानला तोच हा. होडी ढकलणे हा जिमने आपल्या पक्षाशी, कायद्याशी, आपणांस वाढविणाऱ्या थोरांशी केलेला विश्वासघात. कथाभर लोभाने केलेले विश्वासघात आपण मोजीत आलेलो असतो. शेवटी कृतज्ञतेने केलेल्या विश्वासघातापाशी आपण येऊन ठेपतो व आपली मोजणी थांबते. यातील क्रमही महत्त्वाचा आहे. जिम आधी नकार देतो. पिस्तुलाच्या धाकाने तो हलत नाही. धाक संपल्यावर हलतो. तो भित्रा असता तर त्याच्या कृत्यास अर्थ उरला नसता. आणि सिल्व्हरने नुसती गयावया केली असती तर त्याच्या सुटकेस अर्थ उरला नसता. जो आपल्याला मारू शकत होता व ज्याने मारले नाही, त्याच्याशी आपला हिशेब काय, हा प्रश्न त्या मुलापुढे उभा राहतो, आणि तो एकही शब्द न बोलता उत्तर देतो. ते उत्तर बरोबर आहे असे चित्रपट सांगत नाही. त्या उत्तराची किंमत मात्र जिमला आपल्या नावावर मांडून घ्यावी लागते. कादंबरीत ती त्यास द्यावी लागली नव्हती.

कोणी म्हणेल, सिल्व्हरचे प्रेम खरे कशावरून? कादंबरीत तर खजिना जवळ आला असे वाटताच तो जिमकडे खुनशी नजरेने पाहू लागतो, आणि खड्डा रिकामा दिसताच त्याच्या हाती पिस्तूल देऊन पुन्हा त्याचा मित्र बनतो! हे खरे आहे, आणि आमच्या मते हेच सिल्व्हरच्या स्वभावाचे सर्वांत सच्चे वर्णन आहे. त्याचे प्रेम खरे आहे, पण ते सोन्याच्या अंतरावर अवलंबून आहे. सोने दूर असले की तो माणूस असतो. जवळ आले की चाचा होतो. शेवटच्या प्रसंगात मात्र सोने त्याच्या होडीतच आहे, त्याच्या पायाशी आहे, आणि तरीही तो चाप ओढू शकत नाही. चित्रपटकर्त्यांनी सिल्व्हरला त्याच्या सवयीच्या विरुद्ध एकदाच, एका क्षणापुरते वागावयास लाविले. त्यापलीकडे त्यास सुधारले नाही. तो सोने घेऊनच जातो. हा संयम वाखाणण्याजोगा आहे.

न्यूटनच्या अभिनयाविषयी मतभेद आहेत, व ते साहजिक आहेत. तो डोळे गरगर फिरवितो, शब्द चघळून बोलतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एखादा हुंकार लांबवितो. तो स्वतः इंग्लंडच्या नैऋत्य भागातला; तेथील बोलीतला जाड ‘र’ त्याने या भूमिकेत इतका ठसविला, की त्यानंतर चाचा म्हटला म्हणजे तो असाच बोलला पाहिजे अशी समजूत जगभर रूढ झाली. हे सारे अतिरंजित आहे, यात शंका नाही. परंतु सिल्व्हर हा स्वतःच एक नट आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तो स्क्वायरपुढे एक सोंग आणतो, कप्तानापुढे दुसरे, टोळीपुढे तिसरे. सोंगाड्याची भूमिका करणाऱ्या नटाने सोंग थोडे उघडे पडू दिले तर तो दोष म्हणता येत नाही. आम्हांस त्याची खरी कमाल वाटते ती होडीच्या प्रसंगात, जेथे डोळे फिरविणे एकाएकी थांबते व चेहऱ्यावर नुसता गोंधळ उमटतो. इतका वेळ सोंगे आणल्यामुळेच तो एक निर्व्याज क्षण आपल्या ध्यानात भरतो.

ड्रिस्कॉलचे काम मोठ्या अडचणीत झाले. त्याच्यापाशी इंग्लंडात काम करण्याचा परवाना नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले, दंड झाला, आणि अपिलासाठी मिळालेल्या मुदतीत हॅस्किनने त्याची जवळून घ्यावयाची दृश्ये घाईघाईने उरकून घेतली. तरीही त्या दृश्यांत घाई दिसत नाही. मुलगा रडत नाही, लाडिकपणा करीत नाही, मोठ्यांच्या बोलण्याकडे टक लावून पाहतो. आणि ज्या कथेचा नायक मुख्यतः एक ऐकणारा व पाहणारा मुलगा आहे, तिला हेच हवे होते. फ्रेडी यंग याचे रंगीत छायालेखन व पीटर एलेनशॉ याने काचेवर चितारलेली पार्श्वचित्रे यांनी बेटाला मुलांच्या पुस्तकातील चित्रांचा तजेला आणला आहे. गलबत म्हणून जे वापरले ते १८८७ सालचे एक खरे शिडाचे जहाज होते. त्यामुळे डोलकाठ्यांवरची धावपळ खोटी वाटत नाही.

आता दोष. पहिला व मोठा दोष म्हणजे जिमची आई गाळली आहे. कादंबरीत बिली बोन्सच्या मृत्यूनंतर ती बाई त्याची पेटी उघडते, आणि चाचे दाराशी येण्याच्या बेतात असताही आपली जेवढी बाकी तेवढीच नाणी मोजून घेण्याचा हट्ट धरते. एक कवडी कमी नको आणि एक कवडी जास्तही नको. त्या भयंकर रात्री चाललेली ती मोजणी हास्यास्पद वाटते, पण सबंध कथेत प्रामाणिक पैशाचे माप तेवढेच आहे. पुढे सात लक्ष पौंडांच्या राशीवर जे थोर गृहस्थ तुटून पडतात, त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात, हे द्रव्य कोणाकडून लुटलेले आहे, असा प्रश्न येत नाही. आई असती तर तो प्रश्न न विचारताही प्रेक्षकास सुचला असता. आणि स्क्वायर व सिल्व्हर यांच्या लोभात जात एकच असून सभ्यपणाचा तेवढा फरक आहे, हे कळले असते. दुसरा दोष असा की, कादंबरी जिम मोठेपणी सांगत आहे. त्या सांगण्यात बेटाविषयीची जी शिसारी आहे ती पडद्यावर उतरली नाही. बेट येथे फार सुंदर आहे. तिसरा दोष अगदी अखेरचा. सिल्व्हर दूर जात असता डॉक्टर लिव्हसी असे म्हणतो की, हा निसटावा असे मलाही जवळजवळ वाटू लागले आहे. हे वाक्य नसते तर बरे होते. जिमने जे ओझे मुकाट्याने उचलले ते डॉक्टरने अर्धे आपल्या खांद्यावर घेतले, आणि प्रेक्षकास घरी जाण्याची परवानगी मिळाली.

आता आरंभीच्या आक्षेपाकडे येऊ. चोर सुटतो व आपणांस आनंद होतो. तेव्हा मुले चोरीस चांगली म्हणू लागतील काय? आम्हांस तसे वाटत नाही. मृच्छकटिकाच्या अखेरीस चारुदत्त शकारास क्षमा करतो, म्हणून शकार चांगला ठरला असे कोणी मानीत नाही. चारुदत्त कोण होता हे त्या क्षमेने कळते. होडीस खांदा देणाऱ्या मुलाकडे पाहणारा मुलगाही चाचेगिरीची स्तुती शिकत नाही. जो माणूस वाईट आहे तो सर्वस्वी वाईट नसतो, आणि म्हणूनच त्याच्याशी वागणे अवघड असते, हे तो शिकतो. शिवाय, आपल्या माणसांशी इमान आणि उपकारकर्त्याशी इमान ही दोन एखादे वेळी परस्परांच्या आड येतात, आणि त्या वेळी मार्ग दाखविण्यास कोणी वडीलधारा जवळ नसतो, हेही तो शिकतो. नीतीच्या पाठ्यपुस्तकात सद्गुणांची यादी असते; त्या सद्गुणांत भांडण लागले तर काय करावे हे तेथे सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम कथेचे आहे. खलनायकाचा द्वेष शिकविणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, व त्यांचीही गरज आहे. परंतु ज्याचा द्वेष करणे आपले कर्तव्य आहे त्याच्यावर आपला जीव जडला तर मनाची काय अवस्था होते, हे दाखविणारी कथा त्यांहून दुर्मिळ आहे.

या अवघ्या ९६ मिनिटांच्या चित्रपटात तोफा आहेत, पोपट आहे, नकाशा आहे, पुरलेले सोने आहे. मुलांस जे जे हवे ते सर्व आहे. त्या सर्वांच्या शेवटी रुतलेल्या होडीपाशी उभा असलेला, काय करावे हे न कळणारा एक मुलगाही आहे. आमच्या मते चित्रपटाची किंमत त्या मुलावरून करावी. आणि शिक्षकबंधूंनी तो आपल्या विद्यार्थ्यांस दाखवावा, मात्र दाखविल्यानंतर, जिमने केले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्यांस विचारण्यास विसरू नये. वर्ग दोन तटांत विभागला जाईल. तो तसा विभागला गेला तर चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले असे समजावे.